धाकट्याला थोरलीपेक्षा जास्त औषध?

"मॅडम, चिठ्ठीत काहीतरी घोळ झालाय. थोरली सहा वर्षांची, तिला ९ मिली. हा अडीच वर्षांचा, तर याला साडेनऊ! औषध तर दोघांना एकच आहे."

मुलांच्या दवाखान्यात औषधं समजावून द्यायचं काम मी करते. 'एवढंसं पोर, त्याला एवढं औषध?' ही काळजी रोजच कानावर पडते. पण या आईने विचारायला तीन दिवस उशीर केला होता. सासूबाई म्हणाल्या, औषध गरम पडेल. म्हणून तिने मुलाला घरातल्या चमच्याने एकेक चमचाच पाजला. मुलगा रात्रभर कान धरून रडत होता, ताप हटत नव्हता.

मी तिला आधी तो चमचाच मागितला. पिशवीत होता. सिरिंजने त्यात पाणी सोडलं, तर साडेतीन मिलीला ते काठावरून ओघळलं. म्हणजे पोराला निम्म्याहूनही कमी औषध मिळत होतं. तिचे डोळे भरून आले. चूक तिची नव्हती, पहिल्या दिवशी कुणी तिला नीट बसवून सांगितलंच नव्हतं.

मग चिठ्ठीच्या मागे हिशोब मांडला. औषध अमॉक्सिसिलिन, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. मुलीचं वजन १८ किलो, तिच्या घशाला जंतुसंसर्ग. त्यासाठी दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ९००. दोन वेळांत विभागले की ४५० आणि ४५०, म्हणजे ९-९ मिली. मुलाचं वजन १२ किलो, पण त्याच्या कानाच्या पडद्यामागे पू साठलेला. तिथे औषध पुरेसं पोचायला हवं, आणि त्या जागी सापडणारे काही जंतू साध्या मात्रेला दाद देत नाहीत. म्हणून किलोमागे ८०. दिवसाचे ९६०, एका वेळचे ४८०, म्हणजे साधारण साडेनऊ मिली. वजन कमी, पण दुखणं वेगळं.

"पण किलोमागे बघितलं तर मोठ्या माणसापेक्षाही जास्तच झालं की!" हा प्रश्न तिने आपणहून काढला आणि मला फार आवडला. खरंच आहे. ६० किलोचा माणूस ५०० ची गोळी दिवसातून तीनदा घेतो, म्हणजे किलोमागे २५. हे औषध मुख्यतः लघवीवाटे जातं, आणि या वयाच्या मुलांची मूत्रपिंडं ते वजनाच्या मानाने झपाट्याने बाहेर टाकतात. कमी पाजलं तर जंतू पुरते मरत नाहीत, आणि उरतात ते नेमके चिवट. जुलाब होऊ शकतात, तेही तिला सांगितलं. अंगावर पुरळ उठलं, चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर मात्र पुढचा डोस न देता लगेच यायचं.

डॉक्टरांनी कान पुन्हा तपासला, पडदा अजून लालच होता. मात्रा तीच ठेवली, सात दिवस नव्याने मोजायला सांगितले. मी १० मिलीची सिरिंज दिली आणि साडेनऊच्या रेघेवर पेनाने खूण केली. बाटलीतल्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी बाटली हलवायची, पहिली संपल्याशिवाय दुसरी कालवायची नाही. एकदा कालवलेलं औषध सात दिवसांनंतर टाकूनच द्यायचं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः नातवाला घेऊन आल्या. ताप उतरला होता. सिरिंज त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. म्हणाल्या, "बाई, खूण पुसट झालीय, पुन्हा करून दे. सकाळचं औषध मीच पाजते."