माझंच गाणं पोरीला नको झालं

"मॅडम, माह्या पोरीले माहंच गाणं नको झालं. काय चुकलं जी माहं?" नागपूरच्या इतवारी बाजारात दुकान असलेले एक बाबा विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी आता पाच वर्षांची. दोन वर्षांची होती तेव्हाचा मे महिना, नागपूरचा पारा ४५ अंशांवर. ती कूलरसमोर उभी राहून "आऽऽऽ" करायची. पंख्याच्या पात्यांनी आवाज थरथरला की खुदखुदून हसायची. कूलरला म्हणायची "कूलल". बाबांनी तेच शब्द उचलून बिलबुकाच्या मागे लिहिलं:

कूलल बाई कूलल, पानी पी गं थोलं,
छोनूबाई निजली, हलू हलू बोल.

जन्मात काही न लिहिलेल्या माणसाच्या या ओळी. म्हणताना त्यांचा गळा दाटला. गाणं मला मनापासून आवडलं, तसं मी सांगितलंही.

मग विचारलं, नको कधीपासून झालं?

तान्ह्या पोळ्यापासून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या सणापासून. लाकडी नंदी घेऊन, नटूनथटून ती दारोदारी जाऊन आली. घरी पाहुणे होते, त्यांनी आग्रह केला, बाबांनी गायलं. सगळे हसले. प्रेमानंच हसले. ती नंदी तिथंच सोडून दाराआड गेली. आता बाबा नुसते गुणगुणले तरी त्यांच्या तोंडावर हात ठेवते.

बोबडं गायल्यानं मूल बोबडंच राहतं, ही आजीची भीती मी लगेच बाजूला ठेवली. दिवसभर घरात स्पष्ट बोललेलं कानावर पडत असेल तर एका गाण्यानं काही बिघडत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. 'र' उशिरा येणारा वर्ण आहे, कित्येक मुलांना तो चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चकवतो. हिला तो नुकताच साधला होता. चार लोकांत बाबांनी गायलं आणि कष्टानं मिळवलेला 'र' तिच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं. बाबांना त्या गाण्यात आपली तान्ही लेक दिसते. लेकीला त्यात आपली चूक ऐकू येते, आणि त्यावर हसणारे लोक.

मी म्हटलं, पाहुण्यांसमोर हे गाणं बंद. तिला सांगा, "तुला न विचारता गायलो, चुकलं माझं." सबब सांगू नका. आणि रात्री झोपताना विचारा, गाणं दुरुस्त करायचं का?

बापानं लेकीची माफी मागायची, हे त्यांना जड गेलं. पण मागितली.

तीन आठवड्यांनी आले ते बिलबुक घेऊनच. लेकीनं ओळ सांगितली होती, बाबांनी लिहून घेतली होती: "कूलर करतो घर्र घर्र, मी पण म्हनते र र र." रोज रात्री तीच गाते, बाबांनी फक्त घर्र घर्र करायचं.

"जुनं खोडून टाकू का जी?"

नको, म्हटलं. खाली तारीख टाका आणि जपून ठेवा. ती मागेल तेव्हा तिच्याच हातात द्या.