यॉर्कजवळ हॉट टबचं कॉटेज: मुलुंडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा बेत मला समजला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई इंग्लंडला निघालात. मुक्काम लंडनच्या पश्चिमेला रेडिंगला, दिरांकडे. मधले चार दिवस खेड्यात हॉट टबचं, म्हणजे अंगणात बसून भिजायच्या गरम पाण्याच्या मोठ्या टबचं कॉटेज घ्यायचं आणि तिथून यॉर्क, चेस्टर, बाथ तिन्ही बघायचं. कॉटेज कुठलं घ्यावं, हा तुमचा प्रश्न. आम्ही पार्ल्याचे, पण बहीण तिकडे असल्यामुळे असे मुक्काम चारदा झालेत, त्यातले दोन आई-बाबांना घेऊन. म्हणून कॉटेजच्या आधी शहरांचं बोलते.

तिन्ही शहरं एका कॉटेजमधून होणार नाहीत. यॉर्क ते बाथ गाडीने चार तासांच्या वर लागतात. म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परतण्यासारखं झालं, आणि संध्याकाळी टबमध्ये बसायचं त्राण कोणाच्यातच उरणार नाही. बाथ तुम्ही रेडिंगहूनच करा. थेट ट्रेन आहे, साधारण तासाभरात पोचता. फक्त एक गोष्ट सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: बाथचं रोमन स्नानगृह नुसतं बघायचं असतं, त्यात उतरता येत नाही. झरा खराच गरम आहे, ४६ अंशांचा, आणि दिवसाला अकरा लाख लिटरहून जास्त पाणी येतं. पण १९७८ मध्ये त्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि तिथलं स्नान बंद झालं. माझी आई लहानपणापासून वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांवर जाणारी. हात लावायचा नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, तो मला अजून दिसतो. त्याच झऱ्यांच्या शुद्ध केलेल्या पाण्याचा नवा स्पा २००६ पासून शेजारीच आहे, पण सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही. त्यामुळे तुमच्या घरातल्या एकाला बाहेर थांबावं लागेल.

चेस्टर या खेपेला सोडा. तटबंदी आणि दुमजली लाकडी बाजार सुंदर आहेत, पण तटबंदी यॉर्कलाही आहे.

राहिलं यॉर्क, आणि कॉटेज तिथलंच घ्या. शहराच्या उत्तरेला आणि ईशान्येला माल्टन, पिकरिंग, हेल्म्सली या गावांच्या आसपास बघा. यॉर्क गाडीने साधारण तासाभराच्या आत येतं आणि मागे नॉर्थ यॉर्क मूर्सचं माळरान लागतं. हा भाग २०२० पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा काळोख मुद्दाम जपलेला. आकाश मोकळं असेल तर अंगणातले दिवे बंद करा आणि मुलीला टबमधून वर बघू द्या. मुंबईच्या मुलांनी एवढे तारे पाहिलेले नसतात.

कॉटेजं बहुतेक ठिकाणी शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री अशी मिळतात. तुम्हाला दुसरा पर्याय बरोबर बसतो आणि तो बहुधा स्वस्तही पडतो. मात्र ऑक्टोबरच्या शेवटाकडे तिथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि भाडी एकदम चढतात. तारखा पक्क्या करण्याआधी ती सुट्टी टाळता येते का बघा.

आता टब. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जाहिरातीत फोटो असतो, पण पाणी किती वाजता गरम होणार हे त्यात लिहिलेलं नसतं.

आमच्या पहिल्या मुक्कामाला आम्ही चार वाजता पोचलो. प्रवासाने आंबलेले, सगळ्यांचं लक्ष टबवर. झाकण उचललं तर वाफच नाही. पाण्यात तरंगणाऱ्या थर्मामीटरवर १९ अंश. मालकाने फसवलं नव्हतं, सकाळीच टब रिकामा करून, घासून ताजं पाणी भरलं होतं. भाड्याच्या घरात दर पाहुण्यांमागे हे व्हायलाच हवं, कारण कोमट, घुसळलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. पण हिशोब करून बघा. मध्यम टबमध्ये साधारण १,२०० लिटर पाणी, म्हणजे आपल्या न्हाणीघरातले पंधरा लिटरचे ऐंशी गीझर. हीटर मात्र तीन किलोवॅटचा. तो तासाला जेमतेम दोन अंश वाढवतो. नळाचं पाणी दहा अंशांचं असेल तर ३८ पर्यंत यायला तेरा-चौदा तास. आधीचे लोक दहाला निघणार, तुम्ही चारला येणार, मग ते तापणार कधी?

म्हणून बुकिंगआधी मालकाला लेखी विचारा: पाणी प्रत्येक पाहुण्यांमागे बदलता का, आणि आम्ही पोचू तेव्हा ते किती अंशांवर असेल? काही जण घरच्या बॉयलरचं गरम पाणी भरतात, त्यांचा टब संध्याकाळपर्यंत तयार होतो. ‘बदलत नाही, औषध टाकतो’ असं उत्तर आलं तर ते घर घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. लाकडावर तापणारा टब फोटोत छान दिसतो, पण तो तुम्हीच पेटवायचा असतो, काही तास लाकडं सारत बसायचं आणि तापमान हवं तिथे थांबत नाही. लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असताना विजेचाच घ्या.

पहिली संध्याकाळ कशासाठीही राखून ठेवू नका. खिचडी करा, झोपा.

सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा. टब कितीही झालं तरी ४० अंशांच्या वर नको. मुलगी असेल तेव्हा ३७ वर आणा आणि तिला दहा मिनिटांत बाहेर काढा. काही मालक पाच वर्षांखालच्या मुलांना परवानगीच देत नाहीत, सहाचं काय तेही विचारून घ्या. टबची भिंत जवळजवळ कमरेइतकी उंच असते, त्यामुळे पायऱ्यांना कठडा आहे का, हे फोटो मागवून बघा. आमच्या आईने डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आत बसणं टाळलं. ती पायरीवर शाल गुंडाळून बसायची आणि दोन्ही पाय कडेवरून आत सोडायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चष्म्यावर वाफ, आणि बाबा तिला आतून चहाचा कप द्यायचे. कप स्टीलचे होते. टबजवळ काच अजिबात नेऊ नका, फुटली तर सगळं पाणी काढावं लागतं.

केसांना तेल लावून कोणीही उतरायचं नाही. खोबरेल आणि क्लोरीनचं पाणी एकत्र घुसळलं की साबणासारखा फेस येतो आणि फिल्टर तुंबतो. आधी शॉवर घ्या, केस वर बांधा. सुती गाऊन किंवा टी-शर्ट नको, नायलॉनचा अंगभर पोहण्याचा पोशाख इथूनच घ्या, आणि तो साबणाविना दोनदा खळबळून न्या, कारण कपड्यात राहिलेली पावडरही फेस करते. बाहेर लाकडी डेक दवाने निसरडा होतो. प्रत्येकाला रबरी चप्पल हवीच.

स्वयंपाकाचं थोडक्यात: आधी शेगडी कोणती ते विचारा. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. आणि फोडणी देताना पंखा चालू, खिडकी उघडी ठेवा. आमच्या लसणाच्या फोडणीने स्मोक अलार्म असा किंचाळला होता की शेजारचे आजोबा धावत आले.

रेडिंगहून यॉर्कपर्यंत गाडी चालवू नका. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेनने दोन तासांच्या आसपास यॉर्क, आणि गाडी तिथे भाड्याने घ्या. खेड्यात बस तुरळक आणि टॅक्सी मिळेलच असं नाही, त्यामुळे गाडी हवीच. आपलं इंग्रजीतलं लायसन्स पर्यटकांना चालतं, रस्त्याची बाजूही आपलीच. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगलाच सांगा. मुलीसाठी चाइल्ड सीट सक्तीची आहे, बारा वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत.

यॉर्कला सकाळी निघा आणि दुपारी तीनला परत फिरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि खेड्याच्या रस्त्यांवर दिवे नसतात. माल्टनकडून येत असाल तर गाडी ग्रिम्स्टन बार या ठिकाणच्या पार्क अँड राइड वाहनतळावर ठेवा, बस थेट शहरात सोडते. पहिल्या दिवशी मिन्स्टर कॅथीड्रल, पूर्वेची प्रचंड खिडकी शांतपणे बसून बघा. तिची रंगीत काच १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली. दारापाशीच रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे, त्याला सन ३०६ मध्ये सैन्याने याच गावात सम्राट घोषित केलं. तटावरून चालायचं तर बूथम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे तटाचा दरवाजा) एवढाच तुकडा घ्या, तोही तुम्ही दोघांनीच. पायऱ्या उंच आहेत आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही. तोवर सासूबाईंना आणि मुलीला खाली एखाद्या चहाच्या दुकानात बसवा.

दुसऱ्या दिवशी रेल्वे संग्रहालय. प्रवेश फुकट आहे, सगळं सपाटीवर आहे, आणि १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर वेगाने धावलेलं मॅलर्ड हे वाफेचं इंजिन तिथेच आहे. तुमची मुलगी त्या निळ्या इंजिनाजवळून हलणार नाही, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. तिसरा दिवस घरीच काढा, वाटलं तर हेल्म्सलीच्या बाजारात फिरून या.

शेवटच्या रात्री टबमधून बाहेर पडल्यावर झाकण नीट दाबून पट्टे लावा. तिथला वारा झाकण उडवतो, आणि सकाळी निघण्याआधी एकदा उतरायचं मुलीला कबूल केलेलं असेल तर पाणी तोवर गार झालेलं असतं.