ओरायन म्हणजे व्याध? मुळीच नाही

प्रश्न असा आला आहे: ‘आर्टेमिस देवीने विंचू सोडून मारलेला ग्रीक शिकारी ओरायन, त्याला मराठीत व्याध म्हणावं का?’

नाही. ‘व्याध तारकासमूह’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. ओरायनचे तारे म्हणजे आपलं मृग नक्षत्र. कोपऱ्यांवरचे चार तारे हे हरणाचे पाय, मधले एका रेषेतले तीन हा पोटात रुतलेला बाण. ती रेघ आग्नेयेकडे वाढवा, जो लखलखीत तारा लागेल तो व्याध. ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात त्याच ताऱ्याला ओरायनचा कुत्रा म्हटलंय. म्हणजे त्यांचा शिकारी ही आपली शिकार आणि आपला शिकारी हा त्यांचा कुत्रा! विंचवावर मात्र दोघांचं एकमत: वृश्चिक पूर्वेला वर आला की मृग पश्चिमेला पळ काढतो.

व्याध म्हणजे शिकारी एवढं सांगून कोशकार मोकळे होतात. अहो, धातू बघा: व्यध्, म्हणजे आरपार टोचणं. त्याचाच वेध. कान टोचतात तो कर्णवेध, अर्जुनाचा मत्स्यवेध, घायाळ झालेला तो विद्ध आणि ताऱ्यांवर नेम धरून बसतात ती वेधशाळा! आकाशातला व्याध आणि त्याला न्याहाळणारी वेधशाळा एकाच धातूची लेकरं. माझं तर ठाम मत आहे की ‘गावाचे वेध लागले’ यातला वेध ग्रहणाच्या वेधांवरूनच आलाय. ग्रहण लागायच्या आधीच वेध सुरू होतात, तसं एसटीत पाय ठेवायच्या आधीच मन गावी पोचलेलं असतं. कुणाला पटो न पटो.

आता कुणीतरी टिळकांचं १८९३चं ‘ओरायन’ हे पुस्तक पुढे करणार, कारण त्यात या नावाचं मूळ ‘आग्रयण’ हा संस्कृत शब्द असल्याचा तर्क आहे. लोकमान्यांविषयी आदर आहेच, पण इथे नुसता कान फसलाय. प्राचीन ग्रीक कवी पिंडारच्या काव्यात हे नाव ‘ओआरिओन’ असं येतं, तेव्हा जुळवाजुळव करायची तर त्या रूपाशी करा. शिवाय मधला ‘ग’ गेला कुठे? ग्रीकांना ‘ग्र’चं वावडं नव्हतं. शेताला ते ‘आग्रोस’ म्हणत, शिकारीला ‘आग्रा’, आणि खुद्द आर्टेमिसचं एक बिरुद ‘आग्रोतेरा’. देवीच्या नावात ठणठणीत राहिलेला ‘ग्र’ तिच्या हातून मेलेल्याच्या नावातूनच नेमका गळावा?