११ स्पीड चेनची क्विक लिंक उघडत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ११ स्पीडची (मागे ११ चक्रं असलेली) हायब्रिड सायकल पावसाळाभर चालवली, आता चेन काढून धुवायची आहे, पण चेनची दोन टोकं जोडणारी कडी, म्हणजे क्विक लिंक, साध्या पकडीने उघडेना, उलट पक्कड घसरून बोट सोललं. जवळचे दुकानदार म्हणतात, 'तोडून टाकू, १० स्पीडची लिंक घालून देतो.' थांबा. तोडू नका, आणि १० ची तर मुळीच घालू नका.

आधी लिंक अडकते कशी ते बघा. तिचे दोन अर्धे भाग असतात. प्रत्येक भागात एक पट्टी, पट्टीच्या एका टोकाला पक्की बसवलेली पिन आणि दुसऱ्या टोकाला कुलपाच्या भोकासारखी खाच, एकीकडे रुंद आणि दुसरीकडे चिंचोळी. पिनचं डोकं रुंद भागातून आत जातं आणि चेन ताणली की सरकून चिंचोळ्या भागात बसतं. म्हणजे चेनवर जितका ताण, तितकी लिंक घट्ट. उघडायची तर दोन्ही पिना एकमेकींकडे ढकलायला हव्यात. आपण बहुतेक वेळा पट्ट्या उचकटायला किंवा बाहेर ओढायला जातो, आणि ती नेमकी कुलूप लावायची दिशा आहे.

म्हणून पहिलं काम, ताण घालवणं. मागे सर्वांत लहान चक्र, पुढे एकापेक्षा जास्त चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रं) असतील तर तिथेही सर्वांत लहान. डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्राला, क्लच (चेन ताणून धरणारी कळ) असेल तर तो बंद करा. लिंक खालच्या बाजूला, चेनरिंग आणि डिरेलरच्या मधोमध आणा. मग जुन्या स्पोकचा तुकडा दोन्हीकडे वाकवून आकडा करा आणि लिंकच्या दोन्ही बाजूंना चारपाच कड्या सोडून चेनमध्ये अडकवा. मधला भाग सैल लोंबला पाहिजे.

दुसरं काम, घाण काढणं, आणि बऱ्याच हट्टी लिंका इथेच सुटतात. पावसाळ्यातली बारीक रेती खाचेत पाचर मारून बसते. रॉकेल मिळालं नाही तर डिझेल चालतं. जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी घासा, गंज दिसत असेल तर गंज सैल करणारं तेल मारून थोडा वेळ सोडा, मग लिंक डावी-उजवीकडे हलकेच वाकवून बघा. फवारा डिस्क ब्रेकवर जाऊ देऊ नका, नाहीतर चेन स्वच्छ आणि ब्रेक निकामी.

आता हत्यार. क्विक लिंकची वेगळी पक्कड मिळते, ११ आणि १२ स्पीडला ती घ्याच. तिची टोकं पट्टीवर ठेवायची नाहीत. लिंकच्या दोन पिनांवर जे दोन रोलर आहेत त्यांच्या बाहेरच्या अंगाला, चक्राचे दात बसतात त्या फटीत टोकं घालायची आणि दाबायचं. टक्क आवाज येतो.

पक्कड नसेल तर बुटाची लेस किंवा गिअरची जुनी तार वापरा. त्याच दोन फटींतून ओवायची, वर अर्धी गाठ मारतो तशी फुली करायची आणि दोन्ही टोकं झटक्याने विरुद्ध दिशांना ओढायची. रोलर जवळ येतात आणि लिंक सुटते. रस्त्यात हीच युक्ती कामी येते.

नोज प्लायरनेही (लांब टोकाच्या पकडीनेही) जमतं, पण तिरकं धरून. कर्ण दोन आहेत आणि त्यातला एकच बरोबर: बाहेरच्या पट्टीचं पक्क्या पिनचं टोक आणि आतल्या पट्टीचं पक्क्या पिनचं टोक. दुसऱ्या कर्णावर कितीही जोर लावला तरी लिंक आणखी घट्ट होईल. तुमची पक्कड घसरली ती बहुधा यामुळेच. ८ स्पीडच्या लिंकला या तिरक्या दाबाने पट्ट्याही थोड्या आत दबतात आणि ती सहज सुटते. ११ ची बसणी जास्त चोख असल्याने वेळ लागतो.

इतकं करूनही नाहीच उघडली, तर लिंकशी झगडू नका. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून असते. चेन टूलने (चेनची पिन ढकलून काढायच्या हत्याराने) शेजारची एक बाहेरची कडी काढा आणि तिच्या जागी नवी क्विक लिंक घाला. जुनी तशीच राहू द्या. क्विक लिंक ही स्वतः बाहेरची कडीच असते, त्यामुळे चेनची लांबी तीच राहते.

बसवताना चेन डिरेलरच्या पिंजऱ्यातल्या लहानशा पत्र्याच्या योग्य बाजूने गेली आहे का ते बघा. चुकली तर सायकल चालते, फक्त सतत खरखरते, आणि लोक आठवडाभर गिअर जुळवत बसतात. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घेतला की हा घोळच नाही. लिंकचा एक भाग आतून, दुसरा बाहेरून घाला. बाण असेल तर तो बाहेर दिसला पाहिजे आणि चेन पुढे धावते त्या दिशेला हवा. खाचांत पिना अडकवून हाताने ओढा, आकडा काढा, पेडल उलटं फिरवून लिंक वरच्या बाजूला आणा. मागचा ब्रेक घट्ट धरून पेडलवर जोर द्या. टक्क वाजलं की दोन्ही पिना चिंचोळ्या टोकाला टेकल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा, आवाजावर विसंबू नका.

(घरात जुनी बिनगिअरची काळी सायकल असेल तर तिच्या चेन लॉकचा हिशेब वेगळा. तिथे स्प्रिंगची क्लिप असते आणि तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवायचं.)

तीच लिंक पुन्हा वापरावी का? स्रॅम आणि शिमानो या कंपन्या ११-१२ स्पीडच्या लिंका एकदाच वापरायला सांगतात, केएमसी कंपनीच्या काही लिंका पुन्हा वापरता येतात. माझं मत विचाराल तर, हाताने विनासायास मिटणारी ११ ची लिंक कचऱ्यात टाका. चढावर उभं राहून पेडल मारताना ती सुटली तर गुडघा थेट हँडलवर.

खरं तर धुण्यासाठी चेन काढायची गरजच नसते. ब्रश, डिझेल आणि फडकं पुरतं. चेनला तेलाऐवजी मेण लावणाऱ्यांची गोष्ट निराळी. आणि एवढी मेहनत करण्याआधी चेन मोजा. पोलादी पट्टी धरा: १२ पूर्ण जोड (एक जोड म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी), पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. दीड मिमी जास्त भरले तर झीज ०.५ टक्के झाली, आणि ११ स्पीडला तिथेच चेन बदलायची. नव्या चेनच्या पाकिटात लिंकही बहुधा असते.

राहिली दुकानदारांची १० स्पीडची लिंक. १० ची चेन बाहेरून साधारण ५.९ मिमी रुंद, ११ ची साधारण ५.५. त्या फरकाने लिंक आडवी खुळखुळते, शेजारच्या चक्राला घासते आणि गिअर आपोआप उड्या मारतात. उलट, १० च्या चेनवर ११ ची घातली तर ती आवळून बसते आणि जोड मोकळा वळत नाही. लिंक घेताना पाकिटावरचा स्पीडचा आकडा बघा, दोन घ्या, एक सीटखालच्या पिशवीत टाका. स्रॅमची चपट्या माथ्याची (फ्लॅटटॉप) १२ स्पीड रोड चेन असेल तर लिंकही त्याच प्रकारची लागते, साधी १२ ची चालत नाही.