विमानातून वारा मोजायचा, तर शिकायचं काय?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. विमानातून लेसर सोडून वारा मोजतात, असं तिनं वाचलं आणि आता तेच करायचं म्हणते. तिला एरोनॉटिकलला घालावं का? पुढे नोकरी मिळेल का? – एक आई, सांगली

ताई, एरोनॉटिकलची घाई करू नका. या कामात विमान म्हणजे नुसतं वाहन. खरं काम प्रकाशाचं. लेसरचा झोत हवेतल्या धूलिकणांवर आदळून परततो. कण वाऱ्याबरोबर वाहत असतात, त्यामुळे परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या रेल्वेची शिट्टी वेगळी ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. किंचित म्हणजे किती? सेकंदाला एक मीटर वाऱ्यानं होणारा फरक १५ कोटींत एक एवढाच!

शिवाय विमान स्वतः सेकंदाला २०० मीटर धावत असतं. सरळ खाली सोडलेला झोत पुढे-मागे एका अंशानं कलला, तरी विमानाचाच साडेतीन मीटर वेग वारा म्हणून नोंदला जातो. ही चूक पकडायला जमिनीवरून परतलेला प्रकाश कामी येतो. जमीन हलत नाही. तिथं शून्याऐवजी जे दिसेल, तेवढी चूक. मला या विषयातलं हे सगळ्यात देखणं वाटतं. लेकीला हा हिशेब कागदावर करायला सांगा. त्यात ती रमली, तर वाट बरोबर आहे.

नासाच्या ‘डॉन’ या उपकरणानं डीसी-८ विमानातून असं मोजमाप केलं; ते विमान २०२४ मध्ये निवृत्त झालं. वारा मोजणारा युरोपचा एओलस उपग्रह २०१८ मध्ये सोडला, त्याआधी त्याच्या लेसर उपकरणाचा नमुना जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेनं फाल्कन विमानात बसवून तपासला होता.

नोकरीचं स्पष्ट सांगते : असे गट जगात मोजकेच आहेत. फक्त याच एका कामावर सगळी भिस्त ठेवू नका. पण हेच तंत्र पवनऊर्जेतही लागतं. खंबातच्या आखातात २०१७ साली समुद्रावरचा वारा मोजायला लेसर उपकरण बसवलं गेलं. विमानातलं काम आपल्याकडेही झालं आहे : पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘कायपीक्स’ मोहिमेत विमानातून ढगांचा अभ्यास केला.

म्हणून भौतिकशास्त्रात बीएस्सी, किंवा आयसरला (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) प्रवेश मिळाला तर फारच उत्तम. बीएस्सीनंतर एमएस्सी भौतिकशास्त्रात किंवा पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात. जोडीला प्रोग्रॅमिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स हवंच. संशोधनात जायचं तर पीएचडी लागते. बारावीनंतर साधारण दहा वर्षं धरा. पीएचडीला शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यामुळे शेवटच्या वर्षांचा सगळा भार तुमच्यावर येईलच असं नाही.