ब्रेलसाठीची देणगी कोणत्या कामाला द्यावी?

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. ब्रेल पुस्तकांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे. छपाईला द्यावी की लिप्यंतरकारांच्या, म्हणजे छापील मजकूर ब्रेलमध्ये आणणाऱ्यांच्या, प्रशिक्षणाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, प्रशिक्षणाला द्या. मी स्वतः लिप्यंतर करते, म्हणून ठामपणे सांगते. संगणक साधा मजकूर भराभर ब्रेलमध्ये आणतो, पण भूगोलातला तक्ता किंवा नकाशा आला की जाणता माणूसच लागतो. ब्रेलची रीतही वेगळी. ‘भक्ती’ लिहिताना हलन्ताची (पाय मोडल्याची) खूण ‘क’च्या आधी येते : भ, हलन्त, क, त, ई. ब्रेलच्या पाटीवर, म्हणजे कागद अडकवून टोचणीने ठिपके उमटवायच्या चौकटीवर, तर उजवीकडून डावीकडे टोचायचं, कारण वाचताना कागद उलटायचा असतो. हे हातात बसायला शिकवणारा समोर हवा. मुद्रितं तपासायला बोटांनी वाचणारा अंध वाचक हवा, आणि त्याला मानधन मिळालंच पाहिजे. नेमकं तेच राहून जातं.

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून मुंबईत आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या नोंदणीकृत संस्थेत आधी चौकशी करा. रक्कम प्रशिक्षणासाठीच आहे असं पत्रात लिहा, पावती घ्या. आणि जमलं तर तुम्हीच शिकायला नाव घाला. शुद्धलेखन पक्कं असलेली माणसं आम्हाला फार हवी आहेत.