वस्तादांची लेक आणि ‘डोक्याचा डॉक्टर’

(पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातले एक वाचक. स्वतः पैलवान होते, आता गावच्या तालमीत वीस-पंचवीस पोरं तयार करतात. मुलगी मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला क्रीडा मानसशास्त्रज्ञ व्हायचंय. ते लिहितात, “माझ्या तालमीतलं एक पोरगं मी असल्या डोक्याच्या डॉक्टरकडे धाडणार नाही. मीच धाडणार नाही तर दुसरा कोण धाडणार? मग हिचं पोट चालायचं कसं?”)

नमस्कार वस्ताद,

पत्र वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, या धंद्यातली खरी अडचण तुमच्याइतकी सरळ कुणी सांगितली नव्हती. तुमच्या लेकीचं गिऱ्हाईक पोरं नाहीतच, तुम्ही आहात. वस्तादाने मान डोलावली नाही तर पोरगं तिच्यासमोर येऊन बसणारच नाही.

आणि हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९३८ साली शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने कोलमन ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला संघाबरोबर नेमलं. मॅनेजर चार्ली ग्रिमना ते मुळीच रुचलं नाही. हंगामाच्या मध्यावर ग्रिम गेले, दुसरे आले, त्यांनीही दाद दिली नाही. मालकाने आणला म्हणून माणूस आत येतो, पण वस्तादाला नको असेल तर दारातच उभा राहतो.

पुढे लोकांनी ही नाखुषी मोजायलाही घेतली. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकन, ब्रिटिश आणि जर्मन खेळाडूंवर एक प्रश्नावली पारखली. तीत चार गोष्टी पाहतात: लोक नावं ठेवतील ही भीती, या मदतीवरचा भरवसा, मन मोकळं करायची तयारी, आणि आपल्यातल्याच माणसाशी बोलावंसं वाटणं. २००५ च्या अभ्यासात मार्टिन यांना नावं ठेवण्याची भीती मुलग्यांमध्ये, वयाने लहान खेळाडूंमध्ये आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांमध्ये जास्त दिसली. म्हणजे तुमची तालीम! तिन्ही एकाच हौद्यात.

पण पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात. मैदानाच्या आदल्या रात्री एखाद्या पोराला झोप लागत नसेल तर त्याला तुमच्या खोलीत झोपवता, रेडिओ बारीक लावून ठेवता आणि कुस्तीचं अवाक्षर काढत नाही. वस्ताद, तुमची लेक दोन वर्षं एमए करून जे शिकेल, त्यातला बराच भाग या एका रात्रीत आहे. मनाला तुमचा विरोध नाहीच. पोरावर ‘आजारी’ असा शिक्का बसू नये, आणि चार पुस्तकं वाचलेला परका माणूस तुमच्या आणि त्याच्या मधे येऊ नये, एवढंच तुम्हाला हवंय. दोन्ही धास्ती मला रास्त वाटतात.

माझाच एक फजितीचा किस्सा सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका क्रीडा वसतिगृहात मानसशास्त्राच्या एका बाईंना घेऊन गेले होते. साठ पोरं हॉलमध्ये सतरंजीवर, हातात इंग्रजी फॉर्म, आणि पहिल्या रांगेत गळ्यात शिट्टी अडकवलेले कोच. मागून कुणीतरी पुटपुटलं, “वेडे किती ते मोजायला आलेत.” फॉर्म गोळा केले तर साठच्या साठ पोरांना कसलंच टेन्शन नव्हतं. एकाने नावाच्या जागी ‘ओके’ लिहिलं होतं. पोरं खोटारडी नव्हती. ‘भीती वाटते’ असं लिहिलं आणि उद्या निवडीत नाव गळालं तर? हा त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता.

जेमिमा रॉड्रिग्सचंच बघा. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या आणि मग पत्रकारांसमोर रडत सांगितलं, की या स्पर्धेत मनाची घालमेल सोसवत नव्हती, आईला फोन लावून रडत होते. सगळ्यांनी कौतुक केलं, बरं वाटलं. पण ती हे बोलली जिंकल्यावर. त्याच स्पर्धेत एका सामन्यात तिला वगळलं होतं. त्या दिवशी हेच बोलली असती तर लोक काय म्हणाले असते, ते तुम्हीच सांगा.

आपल्याकडे हे काम रुजवणारा एक माणूस नाशिकचा, भीष्मराज बाम. पोलीस खात्यातले अधिकारी, पतंजलींच्या योगाच्या आधाराने एकाग्रता शिकवायचे. अंजली भागवतसारखी नेमबाज, राहुल द्रविडसारखा फलंदाज त्यांच्याकडे गेले. ‘उपचार घेतोय’ असं म्हणायची वेळच कुणावर आली नसेल. ‘बाम सरांकडे जातोय’ एवढं पुरत असणार. तुमच्या लेकीला नेमकी हीच सोय आहे. प्रश्नावलीतली ती चौथी गोष्ट, आपल्यातलं माणूस, तिच्याकडे जन्मापासून आहे. “स्पर्धेपूर्वी चिंता वाटते का?” असं विचारलं तर तुमची पोरं “नाय” म्हणून मोकळी होतील. “शड्डू ठोकल्यावर पहिल्या मिनिटाला हात जड पडतात का रे?” असं ती विचारू शकते. बोलतील.

आता पोटाचं. खोटं सांगत नाही, सुरुवातीची काही वर्षं नुसत्या खेळाडूंच्या फीवर घर चालणार नाही. म्हणून तिने आधी मानसशास्त्रात एमए करावं. त्यावर शाळा-कॉलेजात समुपदेशनाचं काम मिळवता येतं. थेट क्रीडा मानसशास्त्रच घ्यायचं असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आणि इंफाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ बघा. घरापासून लांब आहेत, हे आईला आधी सांगून ठेवा. नैराश्यासारख्या आजारावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून उपचार करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलताहेत, प्रवेशाआधी परिषदेची यादी स्वतः तपासा. आठवड्याभराच्या सर्टिफिकेटवर ‘माइंड कोच’ म्हणून पाटी लावणारे बरेच झालेत, त्या रांगेत तिला उभी करू नका. नोकऱ्या थोड्या असल्या तरी आहेत. भारतीय क्रीडा प्राधिकरण आपल्या केंद्रांसाठी मानसशास्त्रज्ञ घेतं, बहुतेक कंत्राटी. त्यांची केंद्रं कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

एमएच्या प्रवेशाला अजून अवकाश आहे. तोवर तिला एक हंगाम तुमच्याच तालमीत बसू द्या. हौद्याच्या कडेला, वही घेऊन. पहिले दोन महिने कुणाला सल्ला द्यायचा नाही, फक्त बघायचं: मैदानाच्या आदल्या दिवशी कोण खुराक टाकतो, कोण उगाच जास्त बडबडतो, हरल्यावर कोण आंघोळीला सगळ्यात शेवटी जातो. मग तिची वही आणि तुमचा अंदाज पडताळून बघा. जिथं जुळणार नाही तिथं तुमचं भांडण होईल, ते होऊ द्या.

फक्त एक अट तुमच्यासाठी, आणि ती तुम्हाला जड जाणार आहे. एखादं पोरगं तिच्यापाशी काही बोललं, तर काय बोललं ते रात्री जेवताना तिला विचारायचं नाही. वस्ताद म्हणून नाही आणि बाप म्हणूनही नाही.